चोर सोडून संन्याशाला

म्हणींच्या राज्यात संन्याशाइतका अन्याय दुसऱ्या कुणावर झाला असेल असे मला वाटत नाही. चोर सुटतो नि संन्यासी फासावर जातो. पिढ्यानपिढ्या आपण ही म्हण वापरतो, वापरताना हळहळतोही. पण त्या बिचाऱ्याला पकडले तरी कशावरून, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. वर्गात मी एकदा तो विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तो तिथंच बसला होता ना!" या म्हणीवरचे याहून चांगले भाष्य मी कुठल्याही कोशात वाचलेले नाही. चोर पळतो, कारण पळणे हा त्याचा धर्मच. संन्याशाला पळायचे कारण नसते, म्हणून तो जागेवर सापडतो. आणि जागेवर सापडणे याहून मोठा पुरावा चार माणसांना लागत नाही.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात हा खटला पुन्हा एकदा उभा राहिला. फरक इतकाच, की या वेळचे चोर नि संन्यासी दोघेही संगणकाच्या पोटात राहत होते. मराठीच्या बाईने तिथे कशाला डोकवावे, असे तुम्ही म्हणाल. मीही आपण होऊन डोकावले नसते. पण आमच्या विभागाच्या कपाटात जात्यावरच्या ओव्यांच्या दोनशेवर कॅसेट आहेत. चाळीस वर्षांपूर्वी विभागातल्या एका प्राध्यापकांनी गावोगाव हिंडून त्या भरल्या. ओव्या म्हणणाऱ्या त्या बायांपैकी आज बहुधा कुणीच नसेल. कॅसेटची फीतही आता म्हातारी झाली आहे. वाजवताना तिचा भुगा पडतो. एकदा नीट वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच याची हमी नाही. म्हणून त्या संगणकात उतरवून घ्यायचे काम निघाले. एका यंत्रात आवाज घेणारे कार्ड बसवले, त्यालाच स्कॅनर जोडला. एकीकडे कॅसेट वाजायची, दुसरीकडे त्या प्राध्यापकांच्या वह्यांची पाने स्कॅनरवरून उतरायची. दोन्ही कामे एकटे काका करीत.

काका म्हणजे आमचे प्रयोगशाळा-सहायक. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात. निवृत्तीला वर्ष उरलेले, अक्षर सुरेख, बोलणे कमी. स्कॅनर कोणता घ्यावा हे त्यांनी चार दुकाने फिरून ठरवले होते, नि तेच पुढे त्यांना भोवले. कारण काम सुरू झाल्यावर यंत्र मध्येच मरू लागले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरे, आणि त्या अक्षरांत दर वेळी एकच नाव ठळक: स्कॅनर ज्या जोडणीतून यंत्राशी बोलतो तिच्या ड्रायव्हरचे. एक-दोन ओव्या अशा अर्ध्यातच गेल्या. चौकशी समिती नेमली गेली. स्कॅनर सदोष, खरेदी काकांच्या शिफारशीची, तेव्हा रक्कम त्यांच्याकडून वसूल करावी नि सेवापुस्तकात शेरा मारावा, असे समितीतल्या बहुतेकांचे मत पडले. मी मराठीची, म्हणून इतिवृत्त लिहायला समितीत होते. ‘निष्कर्ष’ या शब्दापुढे मी एक विसर्ग दिला नि जागा कोरी सोडली. पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि पुण्याहून भाच्याला बोलावले.

हा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे, एवढेच तोवर मला ठाऊक होते. पडद्याचा फोटो पाहून तो म्हणाला, "मावशी, हे कर्नल पॅनिक आहे." माझ्या डोळ्यांपुढे भरघोस मिशांचे एक लष्करी गृहस्थ हातपाय गाळून बसलेले उभे राहिले. मग कळले, की हा कर्नल पलटणीतला नव्हे. यंत्र चालवणारी जी मुख्य व्यवस्था असते, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आमच्या यंत्रावर लिनक्स होते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्डस नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले.

पुढचे सारे भाच्याने मला गिरगावातल्या चाळीच्या भाषेत समजावले. माझे बालपण तिथे गेले हे त्याला माहीत. आपले नेहमीचे कार्यक्रम, म्हणजे पत्र लिहिण्याचा, गाणे ऐकण्याचा, हे सारे फ्लॅटमध्ये राहतात. प्रत्येकाला दार, दाराला लॅच. एकाने दुसऱ्याच्या घरात पाय टाकला, की पहारेकरी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढतो. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. कर्नल मात्र चाळ आहे. तिथे प्रत्येक उपकरणाचे एकेक बिऱ्हाड: कळफलकाचे, पडद्याचे, आवाजाचे, स्कॅनरच्या जोडणीचे. या बिऱ्हाडकरूंना ड्रायव्हर म्हणायचे. दारे सगळ्यांची उघडी. कोण कुणाच्या खोलीत शिरला हे सहसा कुणी पाहत नाही. सारा कारभार विश्वासावर.

या बिऱ्हाडांना कामापुरती जागा, म्हणजे मेमरी, लागते. ती वाटायला एक मेहताजी असतो. त्याच्याकडे जागेचे हिशेब पानांत; बहुतेक यंत्रांत एक पान ४०९६ बाइटचे. मोठी जागा हवी असेल तर तो पाने दुपटीदुपटीने देतो: एक, दोन, चार, आठ. परत आलेल्या दोन जोडीदार जागा जोडून पुन्हा मोठी करतो. ही युक्ती १९६३ साली हॅरी मार्कोविट्झ यांनी काढली, नि १९६५ साली केनेथ नोल्टन यांनी ती छापून प्रसिद्ध केली. हेच मार्कोविट्झ पुढे अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. जागा नि पैसा, दोन्हींची वाटणी त्यांना जमत असावी!

लहान जागांसाठी निराळी सोय आहे. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेफ बॉनविक यांनी ती मांडली. तिचे नाव स्लॅब. नाव घर बांधणाऱ्यांचे, पण रीत आपल्या दिवाळीतली: थाळीत थापायचे नि सारख्या वड्या पाडायच्या. एका थाळीत ६४ बाइटच्या वड्या, दुसरीत १२८च्या, तिसरीत २५६च्या. कुणी २०० बाइट मागितले, की मेहताजी त्याला २५६ची वडी देतो. मग मागणारा आवाजाचा ड्रायव्हर असो की स्कॅनरच्या जोडणीचा; थाळी बहुधा एकच. आणि शेवटी परत आलेली वडी तो सहसा पहिल्यांदा पुढच्याला देतो, कारण ती अजून ‘गरम’ असते, यंत्राच्या हाताशी असते. लोकलमध्ये उठणाऱ्याची जागा बसणाऱ्याला गरमच मिळते, तसेच.

भांडणांची बीजे इथेच आहेत. एखादा आपल्या जागेबाहेर वाळवण पसरतो. शेजाऱ्याचे धान्य त्याखाली जाते. एखादा एकच किल्ली दोनदा परत करतो. मेहताजी मग तीच खोली दोघांना देऊन बसतो. एखादा कुलूप लावून जातो नि किल्ली देतच नाही. चाळ हळूहळू जागेवाचून गुदमरते. पण सर्वांत वाईट चौथा. तो खोली सोडतो, किल्ली देतो, नि तरीही जुन्या खोलीत येत-जात राहतो. तिथे आता नवे बिऱ्हाड आलेले असते. हा येतो, सवयीने फळीवर हात घालतो, नव्या बाईंच्या डब्यात आपली मोड टाकतो नि जातो. संध्याकाळी त्या बाई डबा उघडून पोह्यांना फोडणी देतात, नि घोटाळा होतो. ओरडतात कोण? त्या बाई. पंचनाम्यात नाव कुणाचे? त्या बाईंचे.

"पडद्यावर ज्याचं नाव येतं ना, मावशी," भाचा म्हणाला, "तो पडलेला माणूस. ढकलणारा तोच असेल असं नाही."

हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. कारण आमच्या शास्त्रातही हेच आहे. जुन्या पोथीत एखादी ओवी अडते, छंद मोडतो, अर्थ लागत नाही; तेव्हा हातातल्या प्रतीच्या लेखकाला दोष देऊन भागत नाही. त्याने समोर होते ते इमानाने उतरवलेले असते. चूक कुठल्या तरी आधीच्या प्रतीत शिरलेली असते नि तिथून चालत येते. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांनाही प्रतींमागे प्रती लावीत मागे जावे लागले असणार. जिथे अडते तिथे थांबायचे, पण निकाल द्यायचा तो मागे जाऊन.

मी म्हटले, "अरे, पण मग चाळ मोडून सगळ्यांना फ्लॅटच का देत नाहीत?" भाचा हसला. हा प्रश्न जुना आहे म्हणाला. १९९२च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी टोरवाल्डसना हेच जाहीरपणे सुनावले होते: गाभा लहान ठेवा, ड्रायव्हरांना भिंतीपलीकडे बसवा. पण भिंती आल्या की प्रत्येक निरोप दारावर थांबतो, नि वेळ जातो. विद्यार्थ्याने प्राध्यापकांचे ऐकले नाही. लिनक्सची चाळ चाळच राहिली आणि जगभर पसरली. त्या चाळीची किंमतही जगाला कळत गेली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ साली लिनक्सचा गाभा तपासला, तेव्हा ड्रायव्हरांतले चुकांचे प्रमाण बाकीच्या भागापेक्षा तिपटीपासून सातपटीपर्यंत जास्त निघाले.

विंडोजचीही रचना या बाबतीत फारशी वेगळी नाही. १९ जुलै २०२४ हा दिवस विमानाने जाणाऱ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक कंपनीचे संरक्षणाचे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यातच बिऱ्हाड करून असते. त्या दिवशी आलेल्या एका लहानशा दुरुस्तीने त्याला एकविसाव्या पानावर वाढायला सांगितले. मांडलेली पाने होती वीसच. ते विसाच्या पुढे, दुसऱ्याच्या जागेत वाचायला गेले, नि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चाळीत एकाचा पाय घसरला, की जिना सगळ्यांचाच बंद होतो.

आता आमच्या यंत्राकडे वळू. भाच्याने पहिल्या दिवशी मेहताजीला सावध केले. लिनक्समध्ये तशी सोय आहे: यंत्र सुरू करतानाच सांगायचे, की प्रत्येक जागेची नोंद ठेव. मग मेहताजी चार गोष्टी करतो. हिशेबाचे कागद वरचेवर ताडून पाहतो. प्रत्येक वडीच्या कडेला खुणेची पट्टी ठेवतो. कुणी सांडले की पट्टी बिघडते. जागा कुणी घेतली नि कुणी सोडली, दोघांची नावे लिहून ठेवतो. आणि रिकामी झालेली जागा एकाच अक्षराने भरून टाकतो. ते अक्षर म्हणजे इंग्रजीतला लहान ‘के’. रिकाम्या खोलीभर ‘के के के के’. पुढच्याला खोली देण्याआधी तो आत डोकावतो. एखादा ‘के’ पुसला गेलेला दिसला, की खोली रिकामी असताना कुणी तरी आत येऊन गेले, हे पक्के. याहून बारकाईने पाहणारे, ‘कासान’ नावाचे साधन २०१५पासून लिनक्समध्ये आहे. पण त्याला स्वतःच्या टिपणांसाठीच आठव्या हिश्श्याइतकी मेमरी लागते, नि आमच्या म्हाताऱ्या यंत्राकडे तेवढी नव्हती.

पहारा बसला आणि यंत्र मरायचेच थांबले! चार दिवस सुरळीत. समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, "पाहा, स्कॅनरची धूळ पुसली नि चालू झाला." भाच्याचा चेहरा मात्र उतरला. हिशेब लिहिता लिहिता मेहताजी मंदावतो, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा बदलतात, आणि ज्या क्षणी दोघांची टक्कर व्हायची तो क्षणच हुकतो. पाहायला गेले की लपणाऱ्या अशा दोषाला हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘हायझेनबग’ म्हणतात. जिम ग्रे यांनी १९८५ साली आपल्या एका लेखात हा शब्द वापरला. मुदतीतले दहा दिवस संपले होते. दोष दिसत नव्हता, नि काकांवरचा ठपका दिसत होता.

पाचव्या दिवशी काका दारात येऊन उभे राहिले. हातात एक नोंदवही. "मॅडम, उपयोगाची आहे की नाही माहीत नाही," म्हणाले, "पण मी लिहून ठेवत होतो." पहिल्या दिवसापासून यंत्र बंद पडल्याच्या सतरा नोंदी. तारीख, वेळ, कॅसेटचा क्रमांक, वहीचे पान आणि शेवटच्या रकान्यात ‘काय चालू होते’. त्या रकान्यात सतराही वेळा स्कॅनर चालू होता. समितीने एवढेच पाहिले असते तर काकांनी स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध साक्ष लिहून दिली असे झाले असते. पण काकांनी त्याखाली बारीक अक्षरांत आणखीही लिहिले होते: ‘कॅसेटची बाजू संपली, मुद्रण थांबवले’. सतराही वेळा.

भाच्याने ते दोनदा वाचले. "काका, हे आधी कुणाला दाखवलंत?"

"कुणी विचारलं नाही," काका म्हणाले.

मुद्रण चालू असताना नव्हे, मुद्रण थांबवताना! त्या रात्री भाच्याने यंत्राला एकच काम लावले: आवाजाचे मुद्रण सुरू कर, थांबव, पुन्हा सुरू कर, पुन्हा थांबव, नि शेजारी स्कॅनर चालू ठेव. हजारो वेळा. मंदावलेल्या यंत्रात हुकणारी टक्कर कधी तरी साधेलच, हा त्याचा हिशेब. सकाळी सातला त्याने मला फोन केला. पडद्यावर मेहताजीचा जबाब आला होता: रिकाम्या जागेत कुणी तरी लिहून गेले आहे. ‘के’च्या रांगेत मधल्या चार घरांत ‘के’ नव्हते, एक आकडा होता. आणि खाली: जागा घेणारा कोण? आवाजाच्या कार्डाचा ड्रायव्हर. सोडणारा कोण? तोच. स्कॅनरचे त्या कागदावर नावसुद्धा नव्हते.

त्या कार्डाबरोबर त्याच्या ड्रायव्हरची संहिता आलेली होती. आम्ही दोघे ती घेऊन बसलो. मला ती वाचता येत नव्हती, पण पाठ लावताना शेजारी कुणी बसलेले बरे असते. गोष्ट अशी निघाली. हा ड्रायव्हर मुद्रण चालू असताना एक गजर लावून ठेवतो. ठरावीक वेळाने गजर होतो, नि तो आपल्या खोलीतल्या पाटीवर आजवर किती आवाज आला हा आकडा लिहितो. मुद्रण थांबले की तो खोली सोडतो नि मग गजर बंद करतो. आधी खोली, मग गजर! या दोन कामांमधल्या निमिषात गजर वाजला, की हा उठून जुन्या खोलीत जातो नि पाटीवर आकडा लिहितो. तोवर ती गरम जागा शेजारच्या स्कॅनरच्या जोडणीला मिळालेली असते. ती बिचारी आपला पत्ता समजून तो आकडा वाचते, नसलेल्या घरी जाते नि कोसळते. पडद्यावर नाव तिचे. चोर केव्हाच घरी जाऊन झोपलेला.

दुरुस्ती किती मोठी? गजर बंद करण्याची ओळ खोली सोडण्याच्या ओळीच्या वर नेली. आधी गजर बंद करायचा, तो वाजत असेल तर संपेपर्यंत थांबायचे, मगच किल्ली द्यायची. नवा शब्द एकही नाही. अन्वय तेवढा बदलला. असे क्रम यंत्रानेच आधी तपासावेत म्हणून रस्ट नावाची नवी भाषा लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२मध्ये दाखल झाली. जागा कुणाच्या मालकीची, नि मालक गेल्यावर तिथे कुणाचा हात तर राहिला नाही ना, हे ती बव्हंशी संहिता तयार होतानाच पाहते. पण जुन्या चाळीतली सगळी बिऱ्हाडे काही एका रात्रीत हलत नाहीत. कार्ड बनवणाऱ्यांना भाच्याने दुरुस्ती कळवली. त्यांचे उत्तर आले नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी इतिवृत्तातली कोरी जागा भरली: ‘दोष आवाजाच्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये होता. स्कॅनर आणि प्रयोगशाळा-सहायक दोघेही निर्दोष.’ अध्यक्ष म्हणाले, "बाई, यंत्राच्या अहवालात माणसाचे नाव कशाला? ते वगळा." मी म्हटले, "सर, वसुलीच्या प्रस्तावात ते होते. तिथून आलेय, तेव्हा इथून जाताना दिसले पाहिजे." थोडी कुरकुर झाली, पण वाक्य राहिले.

मला वाटते, यंत्रे नि माणसे यांत फरक असलाच तर तो इथे आहे. यंत्राला सांगितले, तर ते खोली कुणी सोडली हे लिहून ठेवते. आपल्या घरांत, कचेऱ्यांत हा मेहताजी कुणी नेमीत नाही. सून येते नि सासू आजारी पडते. नवा कारकून येतो नि जुन्या फायली सापडेनाशा होतात. नाव ताबडतोब तयार असते. आधी त्या खोलीत कोण राहून गेले, जाताना कुठला गजर चालू ठेवून गेले, हे शोधायला रात्रभर जागावे लागते, नि तेवढा वेळ कुणापाशी नसतो.

काका मार्चअखेर निवृत्त झाले. तोवर त्यांनी सगळ्या कॅसेट उतरवून दिल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केले नाही. नोंदवही मात्र माझ्याकडे देऊन गेले. सतराव्या नोंदीनंतर तिच्यात बंद पडल्याची नोंद नाही. पुढे नुसती गावांची नावे आहेत, नि गाणाऱ्या बाईचे नाव कळले असेल तिथे तेही.